जिल्ह्याचं नाव बदलणं सोपं, पण डेटाची जागा बदलताना घाम का फुटतो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्हा अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड नव्याने छापावी लागली. गाडीच्या नंबरप्लेटवरचं एमएच १६ मात्र तसंच राहिलं. नीट रचलेला डेटाबेस असाच चालतो. जिल्ह्याचं नाव एका तक्त्यात एकदाच लिहिलेलं असतं आणि बाकी सगळीकडे कोड फिरतो. त्यामुळे तिथली एक ओळ बदलली की काम झालं.

याच्या बरोबर उलटं एक काम असतं. त्यात डेटामधलं एक अक्षरही बदलायचं नसतं, फक्त तो डिस्कवर जिथे आहे तिथून उचलून दुसऱ्या पद्धतीने ठेवायचा असतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आयटीवाल्यांची झोप हेच काम उडवतं. जुन्या डेटाबेसच्या फाइल्स ‘रॉ डिव्हाइस’वरून फाइल सिस्टीमवर नेणं हा त्यातलाच प्रकार.

रॉ डिव्हाइस म्हणजे काय?

तुमच्या मोबाइलमध्ये फोटो, व्हिडिओ, पीडीएफ फोल्डरमध्ये दिसतात. कोणती फाइल कुठून सुरू होते, किती मोठी आहे, कधी बदलली याची नोंद फाइल सिस्टीम ठेवते. गावाच्या भाषेत, डिस्क ही जमीन आणि फाइल सिस्टीम हे तिचं दप्तर. गट नंबर, क्षेत्र, खातेदार सगळं त्यात असतं.

रॉ डिव्हाइस म्हणजे दप्तरात नोंदच नसलेली जमीन. डेटाबेस सॉफ्टवेअर थेट डिस्कवर लिहितं आणि कुठे काय ठेवलंय हे फक्त त्यालाच माहीत असतं. बाहेरून बघणाऱ्याला तिथे ना फाइल दिसते, ना फोल्डर.

मग असं कोणी का करत होतं?

त्याला कारण होतं. १९८० आणि ९० च्या दशकांत युनिक्सवरच्या फाइल सिस्टीम डेटाबेससाठी फारशा भरवशाच्या नव्हत्या. प्रोग्रामने ‘लिही’ म्हटलं की सिस्टीम ‘लिहिलं’ असं कळवून मोकळी व्हायची, पण माहिती काही वेळ मेमरीतच असायची. तेवढ्यात लाइट गेली तर व्यवहार गायब. शिवाय डेटाबेसची स्वतःची मेमरी वेगळी, त्यामुळे एकच माहिती दोनदा साठवली जायची. एका फाइलवर एका वेळी एकालाच लिहू देण्याच्या नियमामुळेही मोठ्या सिस्टीम अडकायच्या. ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स चालवणाऱ्या अनेकांनी म्हणून फाइल सिस्टीमला बाजूला सारून थेट डिस्क गाठली. सगळ्यांनी नाही. पोस्टग्रेस पहिल्यापासून फाइल सिस्टीमवरच विसंबून राहिला.

पुढे ती कारणंच उरली नाहीत. फाइल सिस्टीममध्ये जर्नल आलं, म्हणजे बदल आधी वहीत टिपून मग जागेवर करायची सोय झाली. मधली मेमरी टाळून थेट डिस्कवर लिहिणारा ‘डायरेक्ट आयओ’ आला. ओरॅकलने २०१३ च्या १२सी आवृत्तीपासून रॉ डिव्हाइसचा पाठिंबा काढून घेतला आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१४ आवृत्तीतून ‘रॉ’ नावाचा जुना ड्रायव्हरच काढला गेला.

धोका नेमका कुठे आहे?

ज्यांच्याकडे अजून अशी जुनी सिस्टीम आहे त्यांना वाटतं, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? पण रॉ डिस्क ऑपरेटिंग सिस्टीमला रिकामी दिसते. नवीन आलेला इंजिनिअर तिच्याकडे बघतो, ‘ही डिस्क पडून आहे’ म्हणतो आणि फॉरमॅट मारतो. गायरान मोकळं समजून मोजणी लावावी आणि तिथे तीन पिढ्या वहिवाट निघावी, तसंच हे. नेहमीच्या बॅकअप सॉफ्टवेअरलाही या डिस्कवर फाइल सापडत नाही. जागा वाढवायची तर नवीन तुकडा तोडून द्यावा लागतो. हे सगळं ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस नोकरी सोडून गेला, की जुन्या तलाठ्याची बदली झाल्यावर गावाची जी अवस्था व्हायची तीच ऑफिसची होते.

म्हणून ही हलवाहलव करायलाच हवी. पण ‘सिस्टीम फास्ट होईल’ असं सांगून कोणी हे काम विकत असेल, तर सावध राहिलेलं बरं. डायरेक्ट आयओची सेटिंग राहून गेली तर उलट सिस्टीम मंदावते. खरा फायदा इतकाच की उद्या येणाऱ्या माणसाला डिस्कवर काय आहे ते दिसतं.

कॉपी होते, पण बरोबर झाली का?

ओरॅकलमध्ये यासाठी आरमॅन हे साधन आहे. डेटाबेस चालू असतानाच ते फाइल सिस्टीमवर प्रत काढतं. मग थोडा वेळ काम थांबवून नवीन प्रत जोडायची आणि मधल्या काळातले व्यवहार लॉगमधून तिच्यावर चढवायचे. काही जण जुन्या ‘डीडी’ कमांडने सरळ कॉपी करतात. तिथे फसायला होतं, कारण काही युनिक्समध्ये डिस्कच्या सुरुवातीची थोडी जागा सिस्टीमने स्वतःसाठी राखलेली असते. ती न वगळता कॉपी केली तर पुढचा सगळा डेटा सरकतो.

कॉपीनंतरच्या तपासणीला सगळ्यात कमी वेळ दिला जातो. ती चुकली तर काय होतं, हे महाराष्ट्राने सातबाऱ्यात पाहिलंय. हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर घेताना नावं चुकली, क्षेत्र जुळेना. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून लोकांसमोर उतारे वाचावे लागले. तेही स्थलांतरच होतं, फक्त कागदावरून डिस्कवर. ज्याचं नाव सुटलं त्याला पीककर्जाच्या वेळी कळलं आणि मग महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलच्या चकरा सुरू झाल्या.

डिस्क ते डिस्क कॉपीत नाव चुकत नाही, कारण माणूस टाइप करत नसतो. पण एखादा ब्लॉक खराब गेला तर तो ज्या दिवशी वाचला जाईल त्याच दिवशी कळतं. म्हणून प्रत्येक ब्लॉकची तपासणी, तक्त्यांतल्या नोंदींची मोजणी, बेरजांची जुळणी आणि नवीन जागेवरून घेतलेला बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून बघणं, एवढं सगळं करावं लागतं.

मुहूर्त कधीचा काढायचा?

इथे तंत्रज्ञानापेक्षा जिल्ह्याचं कॅलेंडर कामाला येतं. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या प्रवरानगरला उभा राहिला, त्या पट्ट्यात गाळप हंगामात ऊस नोंदणी आणि वजनकाट्याच्या डेटाबेसला हात लावायचा नसतो. बँका आणि पतसंस्थांनी मार्चअखेर टाळायची, तर जमिनीच्या नोंदी सांभाळणाऱ्यांनी खरिपाच्या तोंडावरचे मे आणि जून, कारण तेव्हाच कर्जासाठी उताऱ्यांची रांग लागते. ठरलेल्या रात्री काम झालं, तरी जुनी रॉ डिस्क लगेच पुसू नये. तिच्यावर ‘रिकामी नाही’ अशी ठळक चिठ्ठी लावून निदान एक महिनाअखेर नवीन जागेवर पार पडेपर्यंत ती तशीच ठेवायची असते.