हुबेहूब म्हणजे वास्तववाद नव्हे

चित्रकलेविषयी बोलताना ‘वास्तववाद’ हा शब्द मराठीत दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो. वस्त्राची चुणी, कातडीवरची झळाळी, धातूवरचा उजेड कॅनव्हासवर जसाच्या तसा उतरवण्याचे कसब, ही एक गोष्ट. कोणाचे जगणे चित्रात येण्यास पात्र आहे, याविषयीची भूमिका, ही दुसरी. पहिलीला आपण दुसरीचे नाव बहाल केले आहे. ही केवळ परिभाषेची ढिलाई असती तर तीकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु हाच घोळ साहित्याच्या वर्गात शिरला असून त्याने कथा-कादंबरीच्या वाचनावरही परिणाम केला आहे. म्हणून मराठीचे अध्यापक या नात्याने आम्हाला त्याविषयी बोलणे भाग आहे.

वास्तववाद ही चळवळ ज्या फ्रान्समध्ये उभी राहिली, तेथे हुबेहूब रंगवणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. तेथील अकादमीत तयार झालेले चित्रकार देवदेवता आणि रोमन योद्धे अत्यंत सफाईने रंगवीत होते. गुस्ताव कूर्बे याने 1849 साली ‘दगडफोडे’ हे चित्र काढले. रस्त्यासाठी खडी फोडणारा एक म्हातारा आणि एक पोरगा. म्हाताऱ्याचा चेहरा टोपीच्या सावलीत, पोराची आपल्याकडे पाठ. त्याच सुमारास त्याने आपल्या गावातील एका साध्या अंत्ययात्रेचे चित्र सहा मीटरहून अधिक रुंदीच्या कॅनव्हासवर रंगवले. एवढा आकार तोवर इतिहास-पुराणातील थोरांसाठी राखीव होता. खेडुतांना तो मिळाला, याचाच पॅरिसच्या रसिकांना संताप आला. 1855 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी कूर्बेने स्वतःचा वेगळा मंडप उभारला आणि त्याला ‘वास्तववाद’ हे नाव दिले. शब्दाचा हा जन्म लक्षात घेतला, तर त्याचा अर्थ कौशल्याशी नव्हे, तर प्रतिष्ठेच्या वाटपाशी निगडित आहे, हे उघड होते.

आपल्याकडे काय घडले? मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट स्थापन झाले. ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन, मग समोर बसवलेल्या व्यक्तीवरून चित्रण, अशा शिस्तीतून चित्रकारांच्या पिढ्या घडल्या. म्हणजे फ्रान्समध्ये कूर्बे ज्या अकादमीच्या विरोधात उभा राहिला, त्याच धर्तीचे शिक्षण येथे आले आणि कालांतराने त्यालाच ‘वास्तववादी शैली’ म्हटले जाऊ लागले. धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर यांच्या हाताची थोरवी आम्हाला पूर्णतः मान्य आहे. पण म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील हळदणकरांचे, हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत जपणाऱ्या स्त्रीचे जलरंगचित्र अनेकांना रविवर्म्याचे वाटते, ही बाब बोलकी आहे. आपण उजेड किती खरा उतरला एवढेच पाहतो. चित्रकाराची दृष्टी कोणती, हा प्रश्न आपल्या मनात उमटतच नाही. आणि ज्याची कीर्ती मुख्यतः पुराणकथांच्या चित्रांवर उभी आहे, त्या राजा रविवर्म्याला उत्तरपत्रिकांतून खुशाल ‘वास्तववादी’ म्हटले जाते.

1857 या सालाकडे आणखी जरा निरखून पाहावे. त्याच वर्षी मिलेने शेतात सांडलेली कणसे वेचणाऱ्या तीन गरीब बायांचे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले, आणि त्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठी गद्य पहिल्याच पावलाला विधवेच्या जिण्याकडे वळले. पुढे 1883 साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याचे घरदार, अन्नवस्त्र, कर्ज यांचा बारकाईने हिशेब मांडला. हा गद्यातला वास्तववाद होता. त्याच्या तोलाचे चित्र त्या काळातील मराठी चित्रकलेने दिले, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही. चित्रशाळेत हात तयार होत होते. त्यांनी कोणाला रंगवावे, हे संस्थानिक, साहेब आणि शेठ ठरवीत होते.

या संदर्भात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरण आम्हाला निर्णायक वाटते. ब्रश हातात धरून, नाटकांचे पडदे रंगवून घडलेला हा माणूस. सावकाराने जमीन गिळंकृत केलेला आणि शहराकडे ढकलला गेलेला शेतकरी त्यांनी प्रभावीपणे उभा केला. पण तो कॅनव्हासवर नव्हे, तर 1925 च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात. चित्राच्या बाजाराने जे मागितले नाही, ते चित्रकाराला पडद्यावर न्यावे लागले, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांमुळे, ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरात देव पोहोचले. ही मोठीच सामाजिक घटना होय. मात्र एखादी गोष्ट लोकाभिमुख आहे म्हणून ती वास्तववादी ठरत नाही. तिचे मोल तिच्या नावाने करावे, दुसऱ्याचे नाव उसने देऊन नव्हे.

उलट ज्याला हे नाव निःसंशय शोभते, त्याला ते देताना आपण कचरतो. ठाण्यात अनेक वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन 1970 च्या दशकापासून गिरणगाव, इराणी हॉटेल, लोकलची गर्दी, बांधकामावरचे मजूर रंगवीत आले आहेत. ‘लोअर परळ’ या 2001 च्या चित्रात गिरण्यांच्या मुंबईचे रूपांतर होताना दिसते. त्यांच्या माणसांची शरीरे कधी जडशीळ, कधी थोडी वाकडीतिकडी असतात. विद्यार्थ्यांना ही चित्रे दाखवली की प्रश्न येतो, ‘सर, हे तर खऱ्यासारखे दिसत नाही, मग वास्तववादी कसे?’ सगळा घोळ या एका प्रश्नात साठला आहे.

आता आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे येतो. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता. याच मातीतील सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एम.ए., बी.एड. होऊनही नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याचे खचत चाललेले घर तिथे आहे. या कादंबरीवरची उत्तरे वाचावीत. ‘लेखकाने ग्रामीण बोलीचे हुबेहूब चित्रण केले आहे, म्हणून ही कादंबरी वास्तववादी आहे.’ बोली हुबेहूब आली की काम संपले! नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे, बाजारभाव, भावाभावांतले ताण यांची जी गुंतागुंत कादंबरी उलगडते, तिच्यापर्यंत उत्तर पोहोचतच नाही. रविवर्म्याच्या शालूची जर पाहणारी नजरच येथे बोली पाहते आहे.

आणि दृश्यातला शेतकरी? भेगाळलेली जमीन, कपाळावर हात, आकाशाकडे डोळे, ही एकच मुद्रा भिंतीवर, भित्तिपत्रकावर, शाळकरी चित्रकला स्पर्धेत गिरवली जाते. ती कितीही कौशल्याने रंगवली, तरी ती अकादमीतील प्लास्टरच्या पुतळ्यासारखीच आहे. तिला गाव नाही, सातबारा नाही, बँकेचे खाते नाही. खामगावच्या बाजारात कापसाच्या भावासाठी ताटकळणारा माणूस या चित्रात कुठेच सापडत नाही. ज्याला पाहून फक्त हळहळायचे असते, त्याला प्रश्न विचारण्याची मुभा चित्राने दिलेली नसते.

आमची मागणी साधी आहे. शैलीसाठी ‘वास्तवदर्शी’ आणि भूमिकेसाठी ‘वास्तववादी’ हे दोन शब्द वर्गात, प्रश्नपत्रिकेत आणि समीक्षेत काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. एम.ए.ला वास्तववाद शिकवताना हरिभाऊ आपट्यांच्या शेजारी कूर्बेचे ‘दगडफोडे’ ठेवावे. मूळ चित्र 1945 साली दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले, पण छायाचित्र उपलब्ध आहे. त्याखाली ‘हे खऱ्यासारखे दिसते का?’ असा प्रश्न घालू नये. या दोघांना एवढी जागा कोणी दिली आणि ती कोणाला खुपली, असे विचारावे. मग तोच प्रश्न ‘बारोमास’लाही विचारता येईल.