क्रुया : किल्ला, संग्रहालय आणि वीराची सोयीस्कर आवृत्ती (धागा)

तिरानाच्या उत्तरेस, डोंगराच्या कुशीत बिलगलेले क्रुया हे अल्बेनियातील लहानसे गाव आहे. समोर एड्रियाटिक समुद्रापर्यंत उतरत गेलेले मैदान, पाठीशी सारी साल्तिकचा उभा कडा आणि मधल्या कातळावर किल्ला. या किल्ल्याचे जे छायाचित्र सर्वाधिक फिरते, त्याखाली 'पंधराव्या शतकातील अजिंक्य दुर्ग' अशी ओळ हमखास आढळते. त्या छायाचित्रात दिमाखाने उभी असलेली बुरुजवजा वास्तू मात्र १९८२ सालची आहे.

ते स्कंदरबेगचे राष्ट्रीय संग्रहालय. हुकूमशहा एन्वर होजा यांची कन्या प्रान्वेरा होजा आणि पिरो वासो हे त्याचे वास्तुरचनाकार. खरा किल्ला तिच्या आजूबाजूला विखुरला आहे : तटाचे तुकडे, एक एकाकी मनोरा, उतारावरची घरे. ज्या राजवटीने १९६७ मध्ये सर्व धर्मांवर बंदी घातली, त्याच राजवटीने पोपने 'ख्रिस्ताचा योद्धा' म्हणून गौरवलेल्या पुरुषासाठी हे मंदिर उभारले. तेव्हा दगडांचे वय विचारल्याशिवाय इतिहास सांगू नये, ही पहिली अट.

दुसरा आक्षेप 'अजिंक्य' या शब्दाला. १४५०, १४६६ आणि १४६७ असे तीन मोठे वेढे क्रुयाने परतवले, हे निर्विवाद. पहिल्या वेढ्यास सुलतान दुसरा मुराद जातीने आला होता; सोबत पुढे कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा त्याचा पुत्र मेहमेद होता. पण स्कंदरबेग १७ जानेवारी १४६८ रोजी लेझा येथे वारला आणि जून १४७८ मध्ये, सुमारे वर्षभराच्या वेढ्यानंतर, उपासमारीने खचलेल्या क्रुयाने शरणागती पत्करली. त्यानंतर १९१२ पर्यंत, म्हणजे चार शतकांहून अधिक काळ, तेथे उस्मानी सत्ता होती. एखादी कथा १४६८ ला थांबवली की ती विजयगाथा होते. दहा वर्षे पुढे नेली की इतिहास होतो.

तिसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. स्कंदरबेगची गोष्ट 'क्रूस विरुद्ध चंद्रकोर' अशी दोन रंगांत रंगवली जाते. वस्तुस्थिती काय? ग्येर्ग कास्त्रियोती उस्मानी दरबारात ओलीस म्हणून गेला, तेथे मुसलमान झाला आणि 'इस्कंदर बेग' हे नाव त्याला तेथेच लाभले. १४३७-३८ च्या सुमारास तो याच क्रुयाचा उस्मानी सुभाशी, म्हणजे अंमलदार होता. ज्या तटावरून त्याने पुढे सुलतानाला आव्हान दिले, त्याच तटावर त्याने सुलतानाचा हुकूम चालवला होता. नोव्हेंबर १४४३ मध्ये निशच्या लढाईत त्याने उस्मानी फौज सोडली, क्रुया ताब्यात घेतले आणि पुन्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बनावट फर्मान दाखवून किल्ला घेतल्याची हकीकत परंपरेने सांगितली जाते. पटणारी आहे, कारण अंमलदाराचे कागद कसे असतात हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

पुढची यादी तर दोन रंगांच्या चित्रात बसतच नाही. १४४७-४८ मध्ये तो ख्रिस्ती व्हेनिसशी लढला. १४५१ मध्ये त्याने नेपल्सच्या आल्फोन्सोचे मांडलिकत्व पत्करले. १४६३ मध्ये त्याने मेहमेदशी तह केला आणि त्याच वर्षी मोडलाही. सख्खा पुतण्या हमझा सुलतानाला जाऊन मिळाला आणि १४५७ मध्ये काकाच्याच विरुद्ध फौज घेऊन आला. १४६६-६७ मध्ये क्रुयाला वेढा घालणारा बल्लाबान पाशा स्वतः अल्बेनियन वंशाचा होता. या माणसांच्या निष्ठा घराणी, जमिनी, सूड आणि भय यांनी बांधलेल्या होत्या. धर्म त्यांत होता, पण एकटा नव्हता.

मग दोन रंगांचे चित्र आले कुठून? बव्हंशी श्कोद्राचा धर्मगुरू मारिन बार्लेती याच्या लॅटिन चरित्रातून; ते सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये छापले गेले. १४५० च्या वेढ्यावेळी बार्लेती फार तर तान्हा असेल. रोमन इतिहासकारांच्या थाटात त्याने सेनापतींच्या तोंडी लांबलचक भाषणे घातली, शत्रूची संख्या फुगवली. अठराव्या शतकात गिबनने त्याच्यावर शंका घेतली होती. तरीही त्याचे आकडे आज 'पुरावा' म्हणून मिरवतात.

शंका घेणाऱ्याचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. इतिहासकार ऑलिव्हर येन्स श्मिट यांचे स्कंदरबेगचरित्र २००८ मध्ये अल्बेनियन भाषेत आले. वडिलांच्या हत्येचा सूड हे बंडामागचे प्रमुख कारण असावे, असे त्यात सुचवले होते. देशात गदारोळ उठला. लेखक आणि अनुवादक यांच्यावर राष्ट्रद्रोहाचा ठपका ठेवेपर्यंत मजल गेली. वास्तविक बापाच्या खुनाने पेटून उठलेला मुलगा हा पुतळ्यापेक्षा कितीतरी अधिक समजण्याजोगा माणूस आहे.

आणि क्रुया स्वतः काय सांगते? किल्ल्याच्या आतच बेक्ताशी सुफींचा दोल्मा तेक्के आहे. वरच्या कड्यावरील गुहेत सारी साल्तिक या संताचे स्थान आहे. डोंगराला नाव त्याचेच. स्कंदरबेगवर १८९८ मध्ये महाकाव्य लिहिणारा नाईम फ्राशेरी स्वतः बेक्ताशी मुसलमान होता. उस्मानांशी लढलेल्या ख्रिस्ती सरदाराला मुसलमान कवीने राष्ट्रपुरुष केले, यात अल्बेनियन माणसाला विसंगती वाटत नाही. ती दूरच्या देशांतून त्याला धर्मयोद्धा म्हणून उसना घेणाऱ्यांना वाटते, कारण त्यांना स्कंदरबेग नको असतो, स्वतःच्या भांडणासाठी साक्षीदार हवा असतो.

गावाच्या नावात युद्ध नाहीच. 'क्रुआ' म्हणजे झरा, त्यावरून क्रुया. गडकोट हिंडलेल्या कोणालाही हे लगेच उमगेल : पाणी नसेल तर तट कितीही उंच असो, वेढा टिकत नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या जुन्या लाकडी बाजारात आजही नमद्याच्या पांढऱ्या टोप्या आणि हातमागाचे गालिचे विकले जातात. संग्रहालयातील शिरस्त्राण आणि तलवार पाहून थरारून जाणाऱ्यांनी मात्र शेजारची पाटी वाचावी. त्या प्रतिकृती आहेत. अस्सल म्हणून जपलेल्या वस्तू व्हिएन्नात आहेत.