जुना शिक्का मोडताना

२७ एप्रिल २०११ रोजी मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले, तेव्हा या जिल्ह्याला शिक्क्याचे मोल नव्याने उमगले. बांबू तोच, वाटही तीच. परंतु परवाना कोणी द्यायचा, यावर सारा व्यवहार अडून होता. आज संकेतस्थळांनाही असाच परवाना लागतो. त्याचे नाव सुरक्षा प्रमाणपत्र. ते खरे व मुदतीतले नसेल, तर संगणक वाटेतच अडवतो.

ही प्रमाणपत्रे आता भाड्याच्या दूरस्थ संगणकांवर, म्हणजे 'क्लाउड'च्या खात्यात, ठेवली जातात. त्यांची ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० आणि २०२९ पासून अवघी ४७ दिवस करण्याचे २०२५ मध्ये ठरले. साहजिकच जुन्यांचा ढीग वाढणार आणि तो हाताने उपसणे अशक्य होणार. ते काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपविण्यास आमची हरकत नाही. मात्र काम सोपविणे निराळे आणि विवेक सोपविणे निराळे.

पहिली गोष्ट अशी की, खात्यातून काढणे म्हणजे रद्द करणे नव्हे. परवान्याची स्थळप्रत फाडली म्हणून व्यापाऱ्याच्या हातातला परवाना निकामी होत नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. तेव्हा नियंत्रकांना त्या केंद्राची प्रमाणपत्रेच रद्द करावी लागली.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. वापरातले प्रमाणपत्र चुकून पुसले गेले, तर भुर्दंड कोणाला? भामरागडकडील एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एसटीने येते आणि 'जोडणी सुरक्षित नाही' एवढेच वाचून परतते. तिचे बसभाडे, पालकांची बुडालेली मजुरी, हुकलेली अखेरची तारीख यांची नोंद कोणत्याही कार्यालयाच्या हिशेबात होत नाही. चूक एकाची आणि किंमत दुसऱ्याची, याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात.

म्हणून आज्ञावलीने आधी यादी करावी, वापरातली प्रमाणपत्रे वगळावीत, जबाबदार अधिकाऱ्याची संमती घ्यावी आणि मगच पुसावे. पुसल्याची नोंदही ठेवावी. नवा शिक्का चालू लागल्याखेरीज जुना मोडू नये, हे तारतम्य यंत्राजवळ नसते. ते माणसानेच त्याला घालून द्यावे लागते.