हिमयुगाची टेस्ट केस

जुलैतला एक शनिवार. आदल्या दिवशी मुंबईला रेड अलर्ट होता. शाळांना सुट्टी, ऑफिसकडून वर्क फ्रॉम होमचा मेल, आईने मेणबत्त्यासुद्धा काढून ठेवलेल्या. आणि प्रत्यक्षात पडलं काय, तर चार शिंतोडे. हिंदमाताला पाणी साचलं नाही म्हणजे बघा!

त्यामुळे दादरला मिसळ खाताना विषय निघणारच होता. मित्र कॉलेजपासूनचा, माझ्यासारखाच कोडवर पोट भरणारा. म्हणाला, "अरे, ह्यांना उद्याचं सांगता येत नाही आणि हे म्हणे २१०० सालचं सांगणार. कॉम्प्युटर मॉडेल म्हणजे शेवटी काय रे? हवं ते उत्तर येईपर्यंत पॅरामीटर फिरवत बसायचं."

खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी टाळ्या घेत म्हटलं असतं. आता मात्र पटत नाही. का पटत नाही ते मिसळ संपेपर्यंत त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून हा पोस्टप्रपंच.

उद्याचा पाऊस आणि शंभर वर्षांचं हवामान हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण मित्राचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. मॉडेल बनवणाऱ्यांनी गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदी पाहिलेल्या असतात. पेपर आधी बघून परीक्षेला बसणाऱ्याचे मार्क कोण मोजणार? मग ह्या मॉडेलांची न पाहिलेली परीक्षा कुठली?

उत्तर आहे हिमयुग. साधारण २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या डोक्यावर किलोमीटर किलोमीटर जाडीचा बर्फ, हवेत कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या आसपास (आज ४२० च्या वर), आणि समुद्राची पातळी १२० मीटरपेक्षा जास्त खाली. आमच्या गिरगावातल्या घरून चौपाटी चालत दहा मिनिटं. त्या काळी समुद्र बघायला दहा मिनिटांत कोणी पोचलं नसतं. ओएनजीसीचं मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे पाणी आहे ७५ मीटर. म्हणजे साध्या वजाबाकीने मुंबई हाय तेव्हा कोरडी जमीन होती. (तिथे वन बीएचके केवढ्याला मिळाला असता, हा प्रश्न मित्राने लगेच विचारलाच.)

तर मॉडेलला हा बर्फ, हा वायू आणि पृथ्वीची तेव्हाची कक्षा द्यायची, आणि विचारायचं की सांग बाबा, समुद्र कसा वाहत होता? आज अटलांटिकमध्ये गरम पाणी वरून उत्तरेला जातं, तिथे थंड आणि जड होऊन बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परत फिरतं. युरोपचं हवामान आणि आपला मान्सून, दोघांचेही धागे ह्या चक्रात अडकलेले आहेत. हिमयुगात हे चक्र कसं होतं?

तेव्हा मोजायला तर कोणी नव्हतं. मग उत्तर बरोबर की चूक, हे तपासायचं कशावरून? चिखलावरून. आणि मला सगळ्यात जास्त भुरळ पडली ती ह्याच भागाची.

समुद्राच्या तळाशी फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव राहतात. ते पाण्यातल्या कार्बनपासून कवच बनवतात, मरतात आणि गाळात गाडले जातात. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वनस्पतींना कार्बन-१२ जास्त आवडतो. त्या मेल्यावर खाली जाऊन कुजतात आणि तो कार्बन-१२ खोल पाण्यात सोडतात. त्यामुळे पाणी जितके दिवस खोलात मुरेल तितकं त्यातलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरतं, आणि कवचात त्याची नोंद राहते. अशा कवचांवरून काढलेले नकाशे सांगतात की आज जवळपास चार किलोमीटरपर्यंत खाली जाणारं उत्तरेचं पाणी हिमयुगात साधारण दोन किलोमीटरवरच थांबत होतं, आणि त्याखाली दक्षिणेकडून आलेलं पाणी पसरलेलं होतं.

पण ह्यातून पाणी कुठलं ते कळतं, किती वेगाने वाहत होतं ते नाही. त्यासाठी आणखी एक जोडी आहे, प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम. ही मी मित्राला लोकलवर समजावली. समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून हे दोघं कायम एका ठरलेल्या प्रमाणात तयार होतात. समज, दोघं दादरला एकाच डब्यात चढले. थोरियमला गर्दीत पाय रोवता येत नाही, तो गाळाच्या कणांना चिकटून पुढच्याच स्टेशनला, प्रभादेवीला, बाहेर फेकला जातो. काही दशकांतच तो तळाला लागतो. प्रोटॅक्टिनियम मुरलेला प्रवासी, शे-दोनशे वर्षं पाण्यात टिकतो आणि प्रवाहाबरोबर पार चर्चगेटला जातो. म्हणजे गाडी धावत असेल तर प्रभादेवीच्या फलाटावर प्रोटॅक्टिनियम कमी सापडेल. गाडी बंद पडली तर? दोघंही तिथेच उतरणार, आणि फलाटावर जन्माच्या वेळचं प्रमाण, म्हणजे ०.०९३, मिळणार. २००४ मध्ये मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या गाळात हेच मोजलं. सुमारे १७,५०० वर्षांपूर्वीच्या थरात आकडा ०.०९३ च्या अगदी जवळ पोचलेला. म्हणजे अटलांटिकची लोकल जवळपास ठप्प! (ह्या ट्रेसरचीही खोड आहे. काही जीवांची सिलिकाची कवचं प्रोटॅक्टिनियमलाही ओढून खाली नेतात. बिनखोडीचा ट्रेसर अजून जन्माला यायचाय.)

हे सगळं दूरच्या अटलांटिकचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर आपला अरबी समुद्रही बघा. इथे मधल्या थरांत ऑक्सिजन इतका कमी आहे की जिवाणू नायट्रेटवर भागवतात, आणि त्याची खूण नायट्रोजन-१५ च्या रूपाने गाळात उरते. पाकिस्तान आणि ओमानच्या किनाऱ्यांजवळच्या गाळांत दिसलं ते असं, की ग्रीनलंड गारठलं की अरबी समुद्राची ही खूण फिकी होते आणि मान्सून मंदावतो. तिकडची लोकल अडली की इकडे गिरगावातलं आभाळ बदलतं. २०१५ च्या एप्रिल-मे मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' हे खोदकाम करणारं जहाज आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर उभं होतं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. साडेतीन किलोमीटरहून जास्त पाणी आणि त्याखाली अकराशे मीटर भोक! ३१ मे ला ही मोहीम संपली ती आपल्याच मुंबई बंदरात. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या फॉर्मांत बुडालेलो होतो. एक कोटी वर्षांचा चिखल घेऊन एक जहाज लालबागहून बसने जाता येईल इतक्या जवळ लागलंय, हे माझ्या गावीही नव्हतं. २०२४ मध्ये ते जहाज सेवेतून गेलं. असो.

आता निकाल. जगभरच्या गटांनी हिमयुगाची एकच परीक्षा आपापल्या मॉडेलला दिली. तिसऱ्या फेरीतली सगळी मॉडेलं २०१५ मध्ये मुग्लिया आणि श्मिट्नर ह्यांनी तपासली. सगळ्यांनीच अटलांटिकचं चक्र आजच्यापेक्षा जोरदार दाखवलं होतं, सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी, आणि वर जास्त खोलही. चिखल म्हणतोय उथळ, मॉडेलं म्हणताहेत खोल. थोडक्यात, नापास.

इथे मित्राने टेबलावर हात आपटला. "बघ! मी काय म्हणत होतो?"

मला मात्र इथेच विश्वास वाटायला लागला. हा निकाल कुणी बाहेरच्याने चोरून फोडलेला नाही. मॉडेलवाल्यांनीच छापला, आकड्यांसकट, आणि कारणही शोधलं: बर्फाच्या प्रचंड ढिगांमुळे वारे बदलतात आणि ते चक्राला ढकलतात. मग पुढची पायरी अशी, की चिखलाचा अर्थ लावून मॉडेलशी ताडण्याऐवजी कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ मॉडेलच्या आतच सोडायचे आणि मॉडेलचा गाळ खऱ्या गाळाशेजारी ठेवायचा. २०१८ मध्ये ह्याच दोघांनी स्किनरबरोबर हे केलं. चक्र कमजोर आणि उथळ धरलं तेव्हा गाळाशी सगळ्यात चांगला मेळ बसला. वाद संपलेला नाही, चौथ्या फेरीतही मॉडेलांचं एकमत नाही. पण पॅरामीटर फिरवून हवं ते उत्तर काढायचं असतं तर हे लाल निकाल इतकी वर्षं चव्हाट्यावर कशाला ठेवले असते?

हे मला का टोचलं तेही सांगतो. दीड वर्षापूर्वी एका रिलीजच्या आदल्या रात्री आमच्या तीन टेस्ट फेल होत होत्या. तिन्ही खूप जुन्या विमा पॉलिसींच्या डेटावर. वरून निरोप आला, "जुना डेटा कोण बघतंय? इग्नोर टाक." मी टाकला. कोणी माझा हात धरला नव्हता, बोटं माझीच होती. डॅशबोर्ड हिरवागार झाला, पिझ्झा आला. पंधरा दिवसांनी काही म्हाताऱ्या लोकांचे हप्ते चुकीचे कापले गेले. पैसे नंतर परत केले म्हणे. ते तीन इग्नोर मात्र आजही कोडमध्ये आहेत, आणि त्यांच्यापुढे माझं नाव आहे.

हे मित्राला सांगितल्यावर तो थोडा वेळ तर्रीत पाव बुडवत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे अकरा आहेत."

सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी मी ते तिन्ही काढले. बिल्ड लाल. नऊ वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरचा मेसेज आला: 'हे कोणी केलं?'

उत्तर टाईप केलंय. पाठवतो.