लायनर बदलला, पण तेल कुठून आलं?

बेळगावहून भाजी घेऊन गोव्याला निघालेल्या ट्रकची खरी परीक्षा चढावर नाही, उतारावर असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. दहा टनांची गाडी घाटातून ५०० मीटर जरी खाली उतरली, तरी तेवढ्या ऊर्जेत दीडशे लिटर नळाचं पाणी उकळेल. गाडी खालच्या गियरमध्ये उतरवली तर यातला बराच भाग इंजिन सोसतं. उरलेल्यातला बहुतेक ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जातो. म्हणून या वेळी विषय आहे जुन्या ट्रकचे मागचे ड्रम ब्रेक.

आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या जुन्या सहाचाकी ट्रकचं हे काम नुकतंच झालं. तक्रार एकच होती : जोरात ब्रेक मारला की गाडीची मागची बाजू सरकते. मागच्या डाव्या चाकाचे लायनर वर्षभरात दोनदा बदलून झाले होते, ऑइल सीलही नवं टाकलं होतं. तरी पुन्हा तेच.

आधी हा ब्रेक चालतो कसा ते बघू. टाकीत साधारण ७ ते ८ बार दाबाने हवा साठवलेली असते. पेडल दाबलं की ती ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि चेंबरचा दांडा पुढे येतो. तो स्लॅक ॲडजस्टर नावाच्या आडव्या हाताला ढकलतो. त्याने इंग्रजी ‘एस’ आकाराचा कॅम फिरतो आणि दोन्ही शू बाहेर सरकून फिरत्या ड्रमला आतून घासतात. शूवर रिव्हेटनी बसवलेलं घर्षणाचं अस्तर म्हणजे लायनर.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागचा भाग जॅकवर उचलला आणि लगेच भक्कम स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जात नाही. ड्रम काढल्यावर आतली धूळ त्यांनी हवेच्या पाइपने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली तर कायमची बसते.

डावे लायनर तेलाने काळे झाले होते. म्हणजे ब्रेक मारला की उजवं चाक धरायचं आणि डावं धरायचंच नाही. काका म्हणाले, “पेट्रोलने धुवून घ्या की.” पण लायनर तेल आत शोषून घेतो. वरून धुतला तरी घाटात तापल्यावर तेच तेल पुन्हा वर येतं. असा लायनर फेकायचाच.

मिस्त्री म्हणाले, “लायनर काय, उद्या बसवून देतो की. पण तेल कुठनं येतंय ते बघितल्याशिवाय नको.”

हे तेल मागच्या ॲक्सल हाउसिंगमधलं गियर ऑइल. त्याला हबमध्ये शिरू न देणं हे सीलचं काम. पण गाडी चालली की हाउसिंगमधलं तेल आणि हवा तापतात, हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो. या गाडीचा ब्रीदर चिखल आणि ग्रीसने पूर्ण बुजला होता. हवेला वाट नाही, मग आतला दाब तेलाला सीलवरून ढकलणारच. दोनदा बदललेलं सील बिचारं निर्दोष होतं! ब्रीदर साफ झाला, सील नवं बसलं, हबचं बेअरिंग तपासून ग्रीस भरलं गेलं.

मग वाद निघाला तो उजव्या चाकाचा. तिथले लायनर निम्मे शिल्लक होते. “चांगलं चाललंय त्याला कशाला हात लावायचा?” काकांचा प्रश्न खर्चाच्या हिशेबाने बरोबर होता. पण एका ॲक्सलवर एकीकडे नवा आणि दुसरीकडे जुना लायनर, तोही वेगळ्या जातीचा, म्हणजे दोन्हीकडची पकड वेगळी. ज्या तक्रारीसाठी गाडी आणली, तीच पुन्हा. शेवटी दोन्हीकडे एकाच जातीचे लायनर बसले. रिव्हेट मधून सुरू करून कडेकडे मारत गेले, म्हणजे लायनर शूला सपाट चिकटतो, मध्ये पोकळी राहत नाही.

ड्रम ओतीव लोखंडाचे. त्यांच्यावर चरे होते, पण तडे नव्हते, म्हणून लेथवर साफ करता आले. प्रत्येक ड्रमला कमाल व्यासाची मर्यादा असते. त्यापलीकडे गेलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, तडकू शकतो. शूचे परतीचे स्प्रिंग नवे घेतले, कॅमच्या बुशातली ढिलाई काढली. शेवटी दोन्ही स्लॅक ॲडजस्टर असे लावले की चेंबरचा दांडा दोन्हीकडे सारखाच बाहेर येईल. हे महत्त्वाचं, कारण तापलेला ड्रम फुगतो आणि दांड्याला आणखी पुढे यावं लागतं. आधीच ढिला असेल तर ऐन घाटात त्याची धाव संपते, आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही.

संध्याकाळी गाडी तयार झाली. काकांना त्याच रात्री माल भरायचा होता. मिस्त्रींनी नाही म्हटलं. नवा लायनर सुरुवातीला ड्रमला सगळीकडे टेकत नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, हलके ब्रेक मारत तो आधी बसवावा लागतो. काकांनी त्या रात्रीचं भाडं दुसऱ्या गाडीला दिलं. हजारांचा तोटा झाला, पण क्लीनर म्हणून बसणारा त्यांचा पुतण्याही त्याच गाडीत असतो.

हे काम अंगणात करून बघायचं नाही. काही गाड्यांच्या ब्रेक चेंबरमध्ये दाबलेली जबरदस्त स्प्रिंग असते, ती सुटली तर जीव घेते. पण तुमच्या घरची गाडी गॅरेजात गेली, तर चार गोष्टी नक्की विचारा. तेल आलं असेल तर कुठून आलं? ब्रीदर पाहिला का? दोन्हीकडे एकच लायनर आहे का? दोन्ही ड्रमचं माप घेतलं का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट स्टूल पुढे सरकवतो आणि दाखवायला लागतो.