माघारीचा घाट

गेल्या ज्येष्ठांत आमच्या सेलूच्या घरीं एक वाद माजला होता, आणि तो मिटविण्याचें काम वडीलधारा म्हणून माझ्याकडे आलें. माझ्या पुतण्यानें एका मित्रासह फटफटीवरून मनालीमार्गें लेहला जाण्याचा बेत केला होता. दोघांच्या दोन गाड्या. त्याच्या आईला अन्न गोड लागेना. बंधु म्हणाले, "बोरधरणाकडच्या चढावर ज्याची गाडी धापा टाकते, त्यानें हिमालयाची गोष्ट काढूं नये!" शेवटीं मीं होकार दिला, पण एका अटीवर. शरीर 'नको' म्हणेल तेथून मागें वळावयाचें. घरीं कोणी हंसणार नाहीं, हा माझा शब्द.

ही अट मला सुचली ती मेघदूतावरून. काव्यांतला रामगिरि म्हणजे आमच्या नागपुराजवळचें रामटेक, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तेथून निघालेल्या मेघास थेट कैलासाजवळच्या अलकेस जावयाचें असतें. यक्ष त्याला बजावतो कीं, थकशील तेव्हां डोंगरमाथ्यावर टेक, क्षीण होशील तेव्हां ओढ्यांचें हलकें पाणी पी. वर्गांत हा भाग मी नेहमीं घाईनें उरकीत असें. विश्रांतीवर परीक्षेंत प्रश्न येत नसत.

पण उंचीचें गणित विश्रांतीवांचून सुटत नाहीं. सेलूची भूमि समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपास. मनाली सुमारें २,००० मीटर. तेथून पुढें पूर्वीं रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यानें ती चढण वांचविली. रस्ता जवळ आला. शरीराची चाल मात्र पूर्वींचीच राहिली. त्यापुढें बारालाचा खिंड सुमारें ४,८९० मीटर, आणि टांगलांग ५,३०० मीटरांहून उंच. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून दर श्वासास प्राणवायुहि निम्माच मिळतो. इंजिनालाहि तोच वायु लागत असल्यामुळें गाडीचा जोर घटतो. जुन्या कार्बुरेटरच्या गाडींत तर हवेच्या मानानें पेट्रोल अधिक होऊन ती काळा धूर ओकूं लागते. गाडी निदान धूर काढून बोलते. तरुण माणूस लाजेनें बोलत नाहीं.

वैद्यांचा नियम साधा आहे. ३,००० मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, भोवळ आली, कीं चढणें थांबवावें. चालतांना तोल जाऊं लागला, किंवा बसल्या जागीं धाप लागली, तर विलंब न लावतां खालीं उतरावें.

आमच्या मंडळींनीं केलांगाहून निघून एकाच दिवसांत सरचू गांठण्याचें ठरविलें होतें. झिंगझिंगबारला मित्राचें डोकें ठणकूं लागलें; दोनदां ओकारी झाली. तो म्हणे, "एवढी खिंड ओलांडूं, मग सरचूला निजेन." पण सरचूहि सुमारें ४,३०० मीटरांवर, आणि खिंडीच्या पलीकडे! तेथें दुखणें बळावलें असतें, तर अलीकडे खालीं येण्यासाठीं अगोदर पुन्हां बारालाचा चढावी लागली असती. हा त्या वाटेचा खरा पेंच. शिवाय दुपारनंतर बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात. म्हणजे विचार करीत बसण्यासहि वेळ नव्हता. पुतण्यानें मित्राची गाडी एका ढाब्यावर ठेवली, त्याला आपल्या मागें बसविलें, आणि खिंड डोळ्यांसमोर असतां गाडी फिरविली. केलांगला दोन दिवसांत मित्र हिंडूं-फिरूं लागला. रजा संपली होती. दोघे परत आले.

दुसऱ्याच दिवशीं शेजारच्या गृहस्थांनीं ओसरीवर विचारलें, "काय रे, लेह न पाहतांच परतलास?" दोघेतिघे हंसले. पोर खालीं पाहूं लागलें. त्या क्षणीं मला माझा शब्द आठवला. आणि हेंहि आठवलें कीं, वर्गांत एखादा मुलगा "मला येत नाहीं" म्हणाला, कीं मी इतरांस हंसूं देत असें. त्या हंसण्याच्या भयानें किती मुलें न समजतांच "समजलें" म्हणालीं असतील! मीं गृहस्थांस खिंडीचा सारा पेंच समजावून सांगितला. ते उठून गेले. पोरगा मात्र पहिल्यानें मोकळेपणीं बोलूं लागला. पुढील वर्षीं श्रीनगर-कारगिल मार्गानें, हलक्या चढानें आणि मुक्काम वाढवून जाण्याचा त्याचा विचार आहे. मीं हरकत घेतली नाहीं.

मुलांना जाऊं द्यावें. पण परतीची वाट घरांतूनच मोकळी ठेवावी, एवढेंच माझें वडीलधाऱ्या वाचकांस सांगणें.

सायंकाळीं त्या मित्राची आई पेढ्यांचा पुडा घेऊन आली. आमच्या भावजयीच्या हातीं तो देऊन ती बराच वेळ कांहीं न बोलतां बसून राहिली.