श्रमदान झाले, शिक्षणाचे काय?

आपल्या महाविद्यालयांतून 'सेवा' हा शब्द फार सहजपणे उच्चारला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले, गावातून प्रभातफेरी निघाली, शोषखड्डे खणले गेले, समारोपाला पाहुणे आले आणि सात दिवसांचा वृत्तान्त छायाचित्रांसह छापून आला की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत झालेली आहे. या श्रमांना मी कमी लेखत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. या सात दिवसांत आपण शिकलो काय?

हा प्रश्न योजनेच्या मुळाशीच आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास हे तिचे उद्दिष्ट. म्हणजे सेवा हे साधन आणि शिक्षण हे साध्य. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी जी नयी तालीम मांडली, तीत हस्तोद्योग हा पुस्तकी विषयांच्या शेपटाला बांधलेला नव्हता; त्याच्यातूनच इतर विषय शिकवायचे होते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनीही १९३८ साली बजावून ठेवले की खरे शिक्षण अनुभवातून होते, पण म्हणून प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. अनुभवावर विचार व्हावा लागतो.

व्यवहारात मात्र उरले ते तास. दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर, की प्रमाणपत्र हाती. तास मोजता येतात, विचार मोजता येत नाही. म्हणून जे मोजता येते तेच आपण जपले.

साधा शोषखड्डाच घ्या. मुरमाड जमिनीत पाणी झटकन जिरते, काळ्या चिकण मातीत ते तुंबून राहते. हा भूगोलाचा धडा. काही काळाने गाळाने खड्डा भरतो, तो उपसायचा कोणी, घरमालकाने की ग्रामपंचायतीने? हा राज्यशास्त्राचा प्रश्न. खड्डे आधी कोणत्या आळीत खणले गेले आणि कोणती वस्ती राहून गेली, हे समाजशास्त्राने विचारावे. एका खड्ड्यात तीन विषय दडलेले असताना आपण फक्त माती उपसतो, आणि परत आल्यावर वर्गात ग्रामपंचायतीची टिपणे उतरवून घेतो! शिबिराचा कार्यक्रमाधिकारी आणि वर्गातला प्राध्यापक पुष्कळदा एकच व्यक्ती असते. तरी या दोन जगांची गाठ पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, अभ्यासक्रम पुरा करतानाच दमछाक होते, त्यात हे कसे बसवायचे? त्यांना माझे उत्तर असे की, हे बसवायचे नसून त्यातूनच शिकवायचे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाला आपण प्रयोगशाळा करू आणि माणसांना नमुने, ही भीती खरी आहे. यावर उपाय एकच : काम आपण ठरवू नये, ग्रामसभेने ठरवावे; आणि आपल्या पाहणीचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता सोप्या मराठीत त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावा. चूक असेल तर गावकरी तिथेच सांगतील. तेही शिक्षणच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर समाजातील कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी आहे तसाच धोकाही आहे. काल तास भरले, उद्या श्रेयांक भरू. सही-शिक्का तेवढा बदलेल.

तेव्हा प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रांपुढे मी एक सूचना ठेवतो. दरवर्षी नवे गाव शोधण्याऐवजी तीन वर्षे एकाच गावाशी संबंध ठेवावा. प्रत्येक विभागाने एकेक प्रश्न घ्यावा : अर्थशास्त्राने रोजगार हमीच्या मजुरीचा, मराठीने तिथल्या बोलीचा आणि जात्यावरच्या ओव्यांचा. शिबिरात रोज संध्याकाळी करमणुकीच्या कार्यक्रमाआधी तासभर त्या दिवसाच्या कामावर चर्चा व्हावी. आणि पावसाळा संपला की पुन्हा त्या गावी जाऊन आपले खड्डे उघडून पाहावेत. पाणी मुरले की नाही याचा जाब तिथे कोणालाच चुकवता येणार नाही.

हे जर आपल्याला जमणार नसेल, तर शिबिराला निदान श्रमदान तरी म्हणावे. शिक्षण म्हणू नये.